शाळेची दिवाळी जत्रा आणि दमलेल्या सात जणी

ताई, तुमचा प्रश्न मला कळला तो असा. मुंबईतली मराठी माध्यमाची प्राथमिक शाळा, पहिली ते चौथी, पट 220. गेल्या वर्षी पालक-शिक्षक संघाने दिवाळीआधी जत्रा भरवली, 18 टेबलं मांडली. सात जणींनी महिनाभर मर मर केली आणि खर्च वजा जाता 11 हजार उरले. यंदा त्या सातांतल्या पाच जणी म्हणतात, "आम्हाला धरू नका." आता कोणीतरी सुचवलंय की सगळं इव्हेंटवाल्याच्या अंगावर टाकू. टाकावं का?

टाकू नका. इव्हेंटवाला मैदानात हवेचा मिकी माऊस आणि पोरांची आगगाडी उभी करील, दर फेरीमागे आपला वाटा घेईल आणि रात्री ट्रक भरून निघून जाईल. पालकांनी पाकीट उघडण्यापलीकडे काहीच केलेलं नसेल. पुढच्या वर्षी तो आला नाही तर तुमच्याकडे जत्राही नाही आणि ती करू शकणारी माणसंही नाहीत.

मी या भानगडीत पडलो तेव्हा माझी मुलगी पहिलीत होती. आता ती नोकरीला आहे आणि मी अजून गिरणगावातल्या त्याच शाळेच्या मैदानात दरवर्षी टेबलं मोजतोय. सुरुवातीची तीन वर्षं आम्हीही तुमच्यासारखेच होतो: सहा-सात जण, सगळ्या कामात तेच, आणि जत्रेनंतर आठवडाभर एकमेकांशी अबोला. म्हणून आधी एक हिशेब मांडतो. तुमच्या सात जणींनी प्रत्येकी 40 तास दिले असं धरा, जास्तच दिले असतील. 280 तासांत 11 हजार, म्हणजे तासाला 40 रुपयेसुद्धा पडले नाहीत. तुमची जत्रा पैशात फसली नाही, माणसांत फसली. टेबलं 18 आणि हात 14.

आता माणसं. "मदत करू इच्छिणाऱ्यांनी संपर्क साधावा" हा निरोप व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर टाकलात ना? त्याखाली हात जोडलेल्या चाळीस इमोजी येतात आणि माणूस एकही येत नाही. यात लोकांचा दोष नाही. "मदत" म्हणजे नक्की काय, किती वेळ, कोणाच्या हाताखाली, हे त्यात कुठेच नसतं. ज्या बाईला संध्याकाळी सहाला दुसऱ्याच्या घरी पोळ्या लाटायला जायचंय, ती अशा उघड्या निरोपाला हो कशी म्हणेल? एकदा हो म्हटलं की सुटका नाही, हे तिला पक्कं माहीत असतं. तुमच्या सात जणींकडे बघूनच तिला ते कळलेलं आहे.

आम्ही काय करतो ते सांगतो. पोस्टकार्डाएवढे पुठ्ठे कापतो. एकेका पुठ्ठ्यावर एकच काम: "शनिवार, संध्याकाळी 4 ते 6. सरबताचं टेबल. सोबत दुसरीतल्या अमुकची आई. साडेतीनला या, सहाला सुटी." शाळा सुटायच्या वेळी फाटकाशी उभं राहून हे पुठ्ठे हातात द्यायचे. नाव घेऊन द्यायचे, आणि ज्याला जे येतं तेच द्यायचं. यासाठी आधी आठवडाभर वर्गशिक्षकांजवळ बसून कोण काय करतं ते वहीत उतरवून घ्या. भाजीचा ठेला लावणारी आई टेबलावर उभी राहिली की तिचं गिऱ्हाईक मोकळ्या हाताने जात नाही. डेकोरेशनचं सामान लावणारे बाबा दोन तासांत मैदान उभं करतात, तेच काम तुम्ही-आम्ही करायला घेतलं तर दिवस जातो. शिवणकाम करणाऱ्या आईला विक्रीला बसवू नका, तिच्याकडून चिंध्यांची तोरणं करून घ्या, घरी, तिच्या वेळात. आणि सुटीची वेळ लिहिली असेल तर ती पाळा. सहा म्हणजे सहा. बदली माणूस आला नाही तर टेबल बंद ठेवा, पण आधीच्या माणसाला थांबवू नका. हे करताना जीव वर-खाली होतो, मान्य. पण सहाला सुटलेला माणूस पुढच्या वर्षी दुसरा पुठ्ठा घेतो. आठपर्यंत अडकलेला रस्ता बदलून जातो.

किती माणसं लागतील? टेबलं 18 ची 12 करा. संध्याकाळी 4 ते 8, दोन पाळ्या, दर टेबलावर दोघं, म्हणजे 48. कुपनांच्या खिडकीवर पाळीला तिघं, फाटकावर दोघं, असे दहा. मांडायला आठ, आवरायला आठ. झाले 74. तुमच्या 220 मुलांच्या हिशेबाने तीन मुलांमागे एक माणूस, तोही दोन-अडीच तासांसाठी. हे जमण्यासारखं आहे.

त्यातही सगळे पालकच हवेत असं नाही. मुंबईत एक फौज आयती तयार असते आणि शाळांना ती दिसत नाही: तुमच्या गल्लीतलं गणेशोत्सव मंडळ. रांग कशी लावायची, माळा कुठून ओढायच्या, गर्दी कुठे तुंबते, हे त्या पोरांना झोपेत विचारा. त्यातली निम्मी याच शाळेत शिकलेली असतात. फक्त त्यांना वेळ कधी असतो ते बघा. अनंत चतुर्दशीपर्यंत ती मंडळाची, मग नवरात्राची. दसरा ते लक्ष्मीपूजन मात्र विसेक दिवसांची फट असते. तेवढ्यात जत्रा बसवा. नेमकी तारीख पहिल्या सत्राच्या परीक्षा संपल्यावरची, दिवाळीच्या सुटीआधीची आणि लोकांचा कंदील-पणत्यांचा बाजार व्हायच्या आतली हवी. वार शनिवार. रविवारी मेगाब्लॉक, आणि आजी-मामा-माजी विद्यार्थी हे सगळं गिऱ्हाईक लोकलनेच येतं.

तारखेबरोबर पावसाचंही बघा. मोसमी पाऊस मुंबईतून परतायची सरासरी तारीख 8 ऑक्टोबर. पण 2023 ला लक्ष्मीपूजन 12 नोव्हेंबरला होतं आणि 2025 ला 21 ऑक्टोबरला. दिवाळी लवकर आली की जत्रा परतीच्या पावसाच्या तोंडावर येते. एका वर्षी साडेपाचला गडगडाट झाला आणि दहा मिनिटांत मंडपाच्या कापडाला पाणी साचून पोट आलं. खाली कुपनांचं टेबल. मंडळाच्या दोन पोरांनी टेबल बाजूला ओढलं, बांबूने ते पोट हळूच एका कडेला ढकललं आणि पाणी सरळ बादल्यांत घेतलं. एक माणूस भिजला नाही. मी असतो तर खालून काठी टोचून कापड फाडलं असतं. तेव्हापासून तळमजल्यावरचे चार वर्ग रिकामे करून ठेवतो आणि कुठलं टेबल कुठल्या वर्गात जायचं ते आधीच फळ्यावर लिहितो.

टेबलांवर काय ठेवायचं यावर सभेत तीन तास जातात, तेवढे घालवू नका. ज्याचा माल फुकट किंवा मुलांच्या हातचा आहे, ते टेबल कमावतं. बाहेरून विकत आणून चार रुपये चढवून विकायचं टेबल फक्त दमवतं. कंदील, पणत्या, तोरणं, उटण्याच्या पुड्या आणि खेळ, एवढ्यावर भर द्या. पणत्या धारावीच्या कुंभारवाड्यातून कोऱ्या आणा आणि पहिली-दुसरीकडून रंगवून घ्या. रंग ओघळलेल्या पणत्या आधी संपतात, कारण ज्याने रंगवली त्याची आजीच ती विकत घेते. कंदील तिसरी-चौथीचे. बांबूच्या काड्या, घोटीव कागद, खळ. खळ घरची करा, मैद्याची, त्यात चिमूटभर मोरचूद घालायची जुनी पद्धत मात्र नको, ते विष आहे आणि पोरं बोटं चाटतात. झिरमिळ्या कापायला आज्या बोलवा. आमच्याकडे दोन शनिवार सकाळी दहा-बारा आज्या येतात, कात्री आपापली आणतात आणि चहा लागतो तेवढाच खर्च.

खेळांत माझा लाडका एकच. पाण्याने भरलेली बादली, तळाशी एक वाटी, हातात रुपयाचं नाणं. नाणं वरून सोडायचं आणि ते वाटीत पडलं पाहिजे. सोपं वाटतं ना? नाणं पाण्यात शिरलं की पानासारखं डुलत जातं आणि नेमकं वाटीच्या कडेवरून घसरतं. पोरं हरतात, मग बाप बाह्या सरसावतो, तोही हरतो, मग त्याला पुन्हा खेळायचंच असतं. खर्च शून्य. बादली शाळेची. बक्षीस म्हणून खोडरबर ठेवा, पैसे नको. तीन वर्षं झाली, आमच्याकडचं सगळ्यात कमावतं टेबल हेच.

लकी ड्रॉची तिकिटं मात्र विकू नका. सोडतीची तिकिटं परवान्याशिवाय विकणं कायद्यात बसत नाही, "शाळेसाठी आहे" म्हणून सवलत मिळत नाही. त्याऐवजी लिलाव करा, त्यावर पुढे येतो.

खाण्याचं जरा सांभाळून. शाळेतल्या खाण्याबद्दल एफएसएसएआयचे, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे, 2020 चे नियम आहेत. चरबी, मीठ, साखर जास्त असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून 50 मीटरच्या आत मुलांना विकता येत नाहीत. म्हणजे चिप्स, कोल्ड्रिंक बाद. पहिल्यांदा हे सभेत सांगितलं तेव्हा "वडापावाशिवाय जत्रा? परळमध्ये?" असा गिल्ला झाला, आणि खरं सांगायचं तर मलाही पटलं नव्हतं. पण पोहे, थालीपीठ, उकडलेली कणसं, फळांच्या बशा आणि कोकम सरबत यावर आमचं भागलं. किलोभर पोह्यांत 12-14 बशा निघतात. एक लिटर कोकम सिरपमध्ये पाच लिटर पाणी घातलं की 200 मिलिलिटरचे 30 पेले होतात, आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात ते अर्ध्या तासात जातात. सिरपच्या बाटल्या देणगी म्हणून मागा, वाण्याला नाही म्हणायला जड जातं. चकली-चिवड्याचं टेबल फराळाच्या बंद पाकिटांचं, मोठ्यांसाठी, घरी न्यायचं. ते नोंदणी असलेल्या महिला बचत गटाला द्या. छोट्या खाद्य व्यावसायिकाची नोंदणी वर्षाला 100 रुपयांत होते, त्यामुळे बहुतेक गटांकडे असतेच. त्यांच्याकडून टेबलाचं ठरावीक भाडं घ्या, टक्केवारीच्या फंदात पडू नका. रात्री कोणाची पाकिटं मोजत बसणार?

गॅस सिलिंडर वर्गात किंवा जिन्याजवळ नको, हे मी कोणाशी वाद न घालता ठरवून टाकतो. 2004 साली कुंभकोणमच्या शाळेत स्वयंपाकघरातून लागलेल्या आगीत 94 मुलं गेली. ते वाचल्यापासून माझ्या लेखी हा विषय बंद आहे. "मग इंडक्शन लावू" असं कोणीतरी म्हणेल. 2000 वॅटची शेगडी जवळजवळ नऊ अँपिअर ओढते आणि वर्गातला साधा सॉकेट पाच-सहाचा असतो. पोहे घरी करून डब्यांतून आणा. थर्माकोलच्या बशा राज्यात 2018 पासून बंद आहेत, पत्रावळी घ्या किंवा स्टीलच्या बशा आणि धुवायला दोन बादल्या.

पैसे. इथे मी जरा लांबण लावणार आहे, कारण जत्रा मोडते ती इथे.

टेबलावर रोख घ्यायची नाही, कुठल्याच. फाटकाशी एक खिडकी, तिथे कुपनं, सगळी 10 रुपयांची. प्रत्येक वस्तूची किंमत 10 च्या पटीत. दरवर्षी कुपनाचा रंग बदला आणि शिक्का मारा, नाहीतर गेल्या वर्षीची कुपनं घेऊन चौथीतली मुलं येतात, मी पाहिलंय. कुपनांना ओळीने आकडे असू द्या: विकलेल्या कुपनांचा पहिला आकडा आणि शेवटचा आकडा यांच्यातला फरक अधिक एक, गुणिले 10, तेवढी रक्कम गल्ल्यात (यूपीआयचे धरून) हवी. रात्री प्रत्येक टेबलाची कुपनं मोजली की कुठल्या टेबलाने किती कमावलं तेही कळतं, आणि पुढच्या वर्षी कुठली टेबलं बंद करायची यावर भांडण होत नाही.

खिडकीवर बसवायला निवृत्त बँकवाले शोधा. आमच्याकडे एक आजोबा आहेत, कॅशियर म्हणून निवृत्त झालेले. डबीत ओला स्पंज, मनगटाला रबरबँड, डाव्या हाताला कोणालाही उभं राहू देत नाहीत. सगळ्या नोटा एका तोंडाने लावून शंभराची गड्डी बांधतात आणि मगच मान वर करतात. समोर रांग कितीही असो. सुरुवातीला पोरं वैतागली होती, पण इतक्या वर्षांत त्यांच्या गल्ल्यात दहा रुपयांचा फरक आलेला नाही.

यूपीआय हवंच, पण क्यूआर शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या खात्याचा. आम्ही एका वर्षी घाईत एका पालकाच्या मोबाइलचा क्यूआर लावला होता. त्याने पै न पै दिली. तरी "त्याच्या खात्यात किती आले?" ही कुजबुज वर्षभर चालली आणि तो चांगला माणूस आमच्यातून गेला. खात्याबरोबर आवाज करणारा डबा मिळतो, तोही लावा, कारण गर्दीत "पैसे गेले की नाही" यावर प्रत्येकाचा मोबाइल वाचत बसता येत नाही. पैसे संस्थेच्या नावाने घ्यायचं आणखी एक कारण आहे. पालकांचा गट स्वतःच्या नावाने धर्मादाय कामासाठी वर्गणी गोळा करू लागला की महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं 41 क कलम येतं. मंडळं धर्मादाय आयुक्तांकडे परवानगीला जातात ते त्यासाठीच. संस्थेच्या सचिवांचं पत्र घ्या, लाऊडस्पीकरसाठी पोलीस ठाण्याची लेखी परवानगी घ्या, रस्ता अडवणार असाल तर वॉर्ड ऑफिसलाही विचारा. आणि कुपन घेणं म्हणजे देणगी नव्हे, त्यावर देणगीच्या करसवलतीची पावती देता येत नाही. ज्याला खरी देणगी द्यायची आहे त्याला वेगळी पावती. रोख 2000 च्या वर असेल तर त्याला करसवलत मिळणार नाही हे आधीच सांगा, म्हणजे तो चेक देईल.

कुपनांची पुस्तकं मुलांच्या दप्तरात घालून विकायला पाठवू नका. जत्रा ऐच्छिक असते. "प्रत्येक मुलाने 200 ची कुपनं खपवावीत" असा निरोप गेला की तो शिक्षण हक्क कायद्याच्या विरोधात जातो, आणि त्याहून आधी एखाद्या घरात रात्री त्यावरून रडारड होते. आम्ही उलट करतो: प्रत्येक मुलाला वर्गात तीन कुपनं शाळेकडून फुकट. 220 गुणिले 30, म्हणजे 6600 रुपयांची कुपनं वाटली असं दिसतं. प्रत्यक्षात बादलीत वाटी ठेवायला काय खर्च येतो? सगळ्या मुलांच्या हातात कुपन असतं आणि कोणाकडे विकतचं, कोणाकडे फुकटचं हे कोणाला कळत नाही.

पैसे कशासाठी, तेही एका ओळीत सांगता आलं पाहिजे. तुम्ही स्वच्छतागृहाची दुरुस्ती आणि वाचनालय असं दोन्ही लिहिलंय. स्वच्छतागृह काढून टाका. मुला-मुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं आणि पिण्याचं पाणी हे शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात आहे, ते व्यवस्थापनाने करायचं. पालकांनी पणत्या विकून ते केलं तर व्यवस्थापनाला पुढची दहा वर्षं सुटी. वाचनालय असावं हेही त्याच परिशिष्टात आहे, पण त्यात कुठली पुस्तकं यावीत ते मुलांना ठरवू द्या. मागवायच्या पुस्तकांची यादी फाटकावर लावा आणि विकत घ्यायचे पैसे जमले की एकेका नावापुढे मुलाच्या हाताने बरोबरची खूण करून घ्या.

लिलावाचं राहिलं. गावाकडे देवळात मानाच्या नारळाचा लिलाव होतो तसा आम्ही कंदिलाचा करतो. चौथीचा वर्ग मिळून एक मोठा कंदील करतो, पुरुषभर उंच. साडेसातला तो लागतो आणि बोली सुरू होते. बोली चालवते एका मुलाची आजी. ती भाऊच्या धक्क्यावर पहाटे मासळी घ्यायला उभी राहायची, आता गुडघ्यांमुळे जात नाही. स्टुलावर चढत नाही, माईक घेत नाही. पदर खोचते आणि समोरच्या माणसाकडे बघून आकडा फेकते. तो माणूस पुढचा आकडा बोलून जातो आणि मग त्याला कळतं आपण काय बोललो. पहिल्या वर्षी तिने एका मेडिकलवाल्याला कंदील दिला, तो तीन वर्षं त्याच्या दुकानाबाहेर लागत होता, कागद विटेपर्यंत. अशी एखादी आजी तुमच्याही शाळेत असेल. शिक्षकांना विचारा, त्यांना नाव सांगता येईल.

सोमवारी सकाळी शाळा भरायच्या आत फाटकाजवळच्या फळ्यावर जमा, खर्च, शिल्लक, तिन्ही आकडे खडूने लिहा आणि खर्चाची बिलं टाचणीने लावा. शिल्लक कमी आली तरी लिहा. पुठ्ठे परत गोळा करा, त्यांच्या मागे प्रत्येकाला विचारून "पुढच्या वर्षी हेच काम की दुसरं" एवढं लिहून डब्यात ठेवा.

आणि त्या पाच जणी. त्यांना यंदा पुठ्ठा देऊ नका. प्रत्येकीला दहा कुपनं द्या, पाहुण्या म्हणून बोलवा. साधारण अर्ध्या तासाने त्यातली एक कुठल्यातरी टेबलामागे जाऊन उभी राहिलेली दिसेल. तिला हटकू नका. फक्त घड्याळ बघा आणि तासाभराने हाताला धरून तिला कोकम सरबताकडे न्या.